कात्रपच्या हॉलमधला खांब

बदलापूरच्या कात्रप भागातल्या ज्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी साल्सा शिकवतो, तिथे एक खांब आहे. मध्यभागी नाही. मध्यभागी असता तर त्याचा काहीतरी हिशेब बसवता आला असता. आम्ही आरसा लावला होता त्या भिंतीपासून तो साडेआठ फुटांवर, एका अंगाला आहे, आणि तिथेच का आहे हे बिल्डरलाच ठाऊक. हॉल सगळ्या कामांचा. बारशी, साखरपुडे, रविवारी सकाळी बुद्धवंदना, महिन्यातून एकदा पार्किंगवरून भांडायची मीटिंग. प्रत्येक कार्यक्रमात खांब आड येतो आणि लोक त्याच्याभोवती खुर्च्या मांडून वेळ भागवतात.

आम्ही मात्र त्याला घरचा करून टाकला. पहिल्याच वर्षी एकाचं कोपर त्याच्यावर आपटलं, तेव्हा मी फोम आणून खांबाला गुंडाळला. मग कोणीतरी त्याला 'भाऊ' म्हणायला लागलं. नवीन बॅच सुरू झाली की पहिल्या दिवशी प्रत्येकाने भाऊला हात लावून यायचं, म्हणजे तो कुठे आहे हे अंगाला कळतं. दसऱ्याला आम्ही स्पीकरला एक आणि भाऊला एक असे झेंडूचे हार घालत आलो, कारखान्यात मशीनला घालतात तसे.

मला साल्साच्या अनुभवांवर लिहायला सांगितलं आहे. वीस वर्षांत लग्नाळू मुलं, निवृत्त साहेब, डॉक्टरने वजन कमी करायला सांगितलेल्या बायका, असे पुष्कळ लोक येऊन गेले आणि त्यांचे किस्सेही आहेत. पण गेलं वर्षभर माझ्या डोक्यात खांबच आहे, त्यामुळे त्याच्याबद्दलच लिहितो.

मी पोटासाठी नाच शिकवत नाही. अंबरनाथच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात तपासणी विभागात आहे. मापं घ्यायची साधनं, म्हणजे गेज, वापरून वापरून झिजतात. ठरावीक काळाने ती मूळ मापाशी ताडून बघायची हे माझं काम. झिजलेलं गेज तसं सांगत नाही. आधीच्याच रुबाबात माप दाखवत राहतं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून शेकडो सुटे भाग पास होतात. हे मी नव्या पोरांना इतक्या वेळा सांगितलं आहे की माझं मलाच ऐकू येईनासं झालं होतं.

साल्सा म्हणजे जोडीचा नाच. आठ ठोके, त्यात सहा पावलं. चौथ्या आणि आठव्या ठोक्याला थांबायचं. एक जण नेतो, दुसरा जातो. नेणाऱ्याने बोलायचं नाही, हाताने नुसतं सुचवायचं. ओढाओढी झाली की ती रस्सीखेच. एक निवृत्त वर्क्स मॅनेजर बायकोला घेऊन यायचे आणि नाचताना तिला मोठ्याने सूचना द्यायचे, आता डावा, आता मागे, आता वळ. तिसऱ्या रविवारी त्या बाई थांबून म्हणाल्या, "घरी बोलता तेवढं पुरे आहे. इथे हाताने सांगा." नेणं म्हणजे काय हे मी तेव्हापासून त्यांच्याच शब्दांत शिकवतो.

यातली सर्वांत महत्त्वाची चाल अशी : नेणारा बाजूला होऊन वाट मोकळी करतो आणि जोडीदारीण त्याच्यासमोरून पलीकडे जाते. सरळ जायचं. ही वाट सरळ राहिली तर पुढच्या सगळ्या गिरक्या जमतात. वाट वाकडी झाली तर गिरकी अर्धी राहते आणि दोघं एकमेकांच्या पायांवर येतात.

आता तेजल. तेजल कांबळे बदलापूर गावातली, बी.एस्सी. झालेली, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कंत्राटावर होती. मैत्रिणीला सोबत म्हणून माझ्याकडे आली. मैत्रीण दोन रविवारांत गेली, ही राहिली. माझी बायको सुनीता आणि मी मिळून वर्गाला करून दाखवायचो. तिचा गुडघा दुखायला लागल्यापासून तिच्या जागी तेजल उभी राहायची. सुनीता खुर्चीवर बसून चुका काढायची. ते काम ती आधीही करत होती, फक्त खुर्ची नवीन.

गेल्या वर्षी ठाण्याच्या एका स्टुडिओत पूर्णवेळ शिकवणाऱ्यांची जागा निघाली. तेजलला ती हवी होती. त्याच सुमारास तिच्या कंपनीने तिला कायम करायचं ठरवलं. कायम म्हणजे तीन पाळ्या, रविवारसुद्धा. म्हणजे नाच बंद. तिचे वडील मला भेटायला घरी आले. शांत माणूस. चहा संपेपर्यंत पाण्याच्या टंचाईबद्दल बोलले आणि कप खाली ठेवून म्हणाले, "सर, माझा नाचाला विरोध नाही. पण कायमची नोकरी रोज दारात येत नाही. ठाण्याचं झालं तर आनंद आहे. नाही झालं तर तिने कंपनीत सही करायची, असं आमचं ठरलंय. तुम्ही तिला तयार केलीय. तुम्हाला खात्री आहे ना?"

मी म्हणालो, आहे. कारखान्यात मी वस्तू हातात घेतल्याशिवाय 'ठीक' लिहीत नाही. इथे चहा पिता पिता लिहून दिलं.

तेजल रविवारी ठाण्याला गेली आणि संध्याकाळी थेट हॉलवर आली. आमचा वर्ग चालू होता. ती बूट न बदलता सुनीताशेजारी जमिनीवर बसली. वर्ग संपल्यावर तिने सांगितलं ते असं. तिथल्या मुख्य शिक्षिका रेवती मॅडम यांनी तिला दोन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर नाचायला लावलं, मध्येच गाणं थांबवलं आणि विचारलं, तुझ्या उजव्या बाजूला काय आहे? तेजल म्हणाली, काही नाही. मॅडम म्हणाल्या, मग टाळतेस काय?

"मी मुद्दाम सरळ जायचं ठरवून गेले, सर," तेजल म्हणाली. "तरी तिसऱ्या पावलाला आत वळले. परत गेले, परत वळले. त्यांनी दाखवेपर्यंत मला कळतसुद्धा नव्हतं."

त्यांनी तिला नाही म्हटलं नव्हतं. दोन महिन्यांनी पुन्हा ये, तेव्हा बघू, असं सांगितलं होतं. कंपनीनेही उत्तरासाठी साधारण तेवढीच मुदत दिली होती.

मी जे बोललो ते आठवलं की अजून उठून फेऱ्या मारतो. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, ठाण्याच्या लोकांना बदलापूरचं काही चांगलं दिसत नाही, असं बरंच. तेजल ऐकत राहिली. सुनीता मध्येच उठून चपला शोधायला लागली, आणि आमच्या घरात ते चांगलं लक्षण नसतं.

त्याच आठवड्यात उल्हासनगरहून लछमणदासांचा फोन आला. त्यांचा जीन्सच्या कटिंगचा व्यवसाय. आदल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी मी नवरानवरीचा नाच बसवला होता. सिंधी लग्नांतून मला नेहमी काम येतं. माणसं हौशी आणि सराव चुकवत नाहीत. आता मुलीचं लग्न ठरलं होतं. मी त्यांच्या गाळ्यावर गेलो. जीन्सच्या कापडाची थप्पी टेबलावर लागली होती आणि कारागीर त्यावर मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने रेघ मारत होता. लछमणदासांनी मला स्टुलावर बसवलं, थंड मागवलं आणि मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ मोबाइलवर लावला.

"सर, बुरा मत मानना. घर में सब हँसते हैं, इसलिए पूछता हूँ. ये दोनों बच किससे रहे हैं? स्टेज पे तो तीसरा कोई था नहीं."

लॉनवरचं भलंमोठं मोकळं स्टेज. नवरी नवऱ्यासमोरून जाते आणि तिसऱ्या पावलाला त्याच्या अंगाकडे झुकते, अगदी कोणी आडवं आल्यासारखी. नवराही तिला तसंच आत घेतो. पुढच्या वेळी पुन्हा. मी व्हिडिओ मागे नेऊन पाहिला. ही जोडी माझ्या हॉलमध्ये दाराजवळच्या कोपऱ्यात सराव करायची. तिथून खांब पार पलीकडे. त्यांच्या बाजूला तो एकदाही आला नव्हता.

माझा चेहरा बघून लछमणदासच मला समजावायला लागले. "अरे छोड़ो साईं, होता है. हमारा फर्मा गलत हो जाए तो पूरी थप्पी वैसी ही कटती है. इसमें पैंट का क्या दोष?"

ते सांत्वन करत होते. मी थंड तसंच ठेवून निघालो.

हॉलची किल्ली माझ्याकडे असते. दुपारी एकटा जाऊन मी आरशासमोर उभा राहिलो. करून दाखवताना आम्ही नेहमी आरशाजवळच उभे राहतो, सगळ्यांना दिसावं म्हणून. तिथे उभं राहिलं की खांब माझ्या डाव्या हाताला येतो, म्हणजे समोरून जाणारीच्या उजव्या हाताला. तिने सरळ पाऊल टाकलं तर खांद्याला फोम घासेल. म्हणून सुनीता पहिल्या वर्षापासून जराशी आत वळायची आणि मी तिला आत घ्यायचो. आमच्यापुरतं ते बरोबरच होतं. पण समोरचे तीस जण ते बघत होते आणि खांब जवळ असो वा नसो, तसंच करत होते. इतक्या बॅचना मी साल्सा शिकवला आणि प्रत्येकाला सोबत एक खांब बांधून दिला.

घरी येऊन सुनीताला सांगितलं.

"मला माहीत होतं मी वळते ते," ती म्हणाली. "पण बाकीच्यांनाही तुम्ही दुरुस्त करत नव्हता. मला वाटलं, ती तुमची स्टाइल आहे."

हे मला इतकी वर्षं दिसलं कसं नाही, याचा मी खूप विचार केला. तरुणपणी मी मुंबईला जाऊन मन लावून साल्सा शिकलो होतो. मग लग्न, मुलगा, घर, आणि कात्रपचा वर्ग. त्यानंतर मी याच हॉलमध्ये नाचलो, आणि मीच शिकवलेल्या माणसांबरोबर नाचलो. त्यांचं माझ्याशी बरोबर जुळायचं. जुळणारच. लग्नांत मी खाली उभा राहून ठोके मोजायचो आणि नजर ताल चुकतोय का यावर. विद्यार्थी मोबाइलवर नवं काही दाखवायला आले की मी म्हणायचो, आधी पाया पक्का करा.

पुढच्या शनिवारी मी ठाण्याच्या त्याच स्टुडिओत गेलो आणि नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. शिकवतो हे सांगितलं नाही. पहिलं गाणं अर्धं झालं नव्हतं तोच रेवती मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्याच वयाच्या, केस बारीक कापलेले, आवाज शाळेतल्या बाईंसारखा.

"कात्रप का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"त्या मुलीच्या उजवीकडे जे आहे, ते तुमच्या डावीकडे आहे. काय आहे नक्की?"

मी खांब म्हणालो. त्या हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, रोगाचं नाव कळल्यावर डॉक्टर हलवतात तशी, आणि मला पलीकडच्या रांगेत उभं केलं. नेणाऱ्यांच्या नाही, जाणाऱ्यांच्या. म्हणजे बायकांच्या. मिश्या असलेला मी एकटाच होतो.

मग कळलं की शनिवारी त्या स्टुडिओत शिकवणारे सगळे या खालच्या वर्गात उभे राहतात, आणि तेही उलट्या बाजूने. नेहमी नेणारे जायला शिकतात, जाणाऱ्या न्यायला. रेवती मॅडम स्वतः एका कॉलेजच्या मुलीला नेत होत्या आणि चुकत होत्या. ती मुलगी त्यांना बिनधास्त सांगत होती की मॅडम, हात उशिरा येतोय. मी नंतर विचारलं, तुम्हाला काय गरज? त्या म्हणाल्या, "मी शिकवते तेव्हा मला कोणी काही सांगत नाही. सगळे माना डोलवतात. आठवड्यातून एक दिवस तरी कोणीतरी सांगायला हवं ना."

माझ्या वाट्याला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आला होता. दोन गाण्यांनंतर तो काकुळतीला येऊन म्हणाला, "अंकल, तुम्हीच मला नेताय."

दुसऱ्याच्या हातावर विश्वास ठेवून पाऊल टाकणं किती अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी वीस वर्षं बायकांना सांगत होतो की आधीच अंदाज बांधू नका, हात सांगेल तेव्हाच जा. स्वतःला ते एकदाही जमलं नाही.

इकडे तेजलचे दोन महिने चालू झाले होते. सोसायटीच्या सेक्रेटरींना विनवून मी आरसा समोरच्या भिंतीवर हलवला आणि वर्ग उलटा फिरवला. गोंधळ उडाला. जुने लोक रुसले. एक जण म्हणाला, "सर, भाऊ आता पाठीमागे असतो, भीती वाटते." दोन जोड्या यायच्या बंद झाल्या. तेजलबरोबरचा सराव मी हॉलमध्ये ठेवलाच नाही. बदलापूर गावात तिच्या घरापुढे सिमेंटचं मोकळं अंगण आहे, तिथे आम्ही नाचायचो. कुठेही आडोसा नाही. तिचे वडील ओट्यावर पेपर धरून बसायचे, पण पान उलटल्याचं मी पाहिलं नाही.

सुधारणा होत नव्हती. तेजल एकटी चालली की रेघ सरळ. माझ्याबरोबर आली की तिसऱ्या पावलाला आत. मी तिला सांगायचो, लक्ष दे. ती म्हणायची, देतेय. पुन्हा तेच. मी चिडायचो, ती रडकुंडीला यायची. महिना असाच गेला. शेवटी एका रविवारी ओट्यावरून तिचे वडील म्हणाले, "सर, मला यातलं काही कळत नाही. पण ती वळायच्या आधी तुमचा हात वळतो."

मी सुनीताकडे बघितलं. तीही गुडघा चोळत तिथेच बसली होती.

"बघताय काय," ती म्हणाली. "त्यांना महिन्यात दिसलं, मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. तुम्ही रोज तिलाच रागावत होता, कधी सांगू?"

म्हणजे तेजल माझं ऐकत होती. मी शिकवलं होतं तसं, हात सांगेल तिकडे जात होती. चूक तिच्या पायात कमी आणि माझ्या मनगटात जास्त होती. मुदतीपर्यंत ही सवय माझ्या मनगटातून जाईल, याची मला अजिबात खात्री नव्हती.

त्या दिवसानंतर मी तेजलबरोबर नाचलो नाही. उल्हासनगरच्या दुसऱ्या एका वर्गाशी बोलून तिला तिथे पाठवलं. आपला तयार विद्यार्थी दुसऱ्याच्या वर्गात पाठवणं आमच्या धंद्यात कोणी करत नाही. समोरच्याला आधी ते खरंच वाटेना. उरलेले दिवस माझे वाईट गेले. कारखान्याच्या पॅसेजमधून जाताना मी डाव्या बाजूला बघायचो. स्वयंपाकघरात ओट्यापाशी पावलं टाकून बघायचो. सुनीता म्हणायची, भाजी करपतेय, बाजूला व्हा. तेजलला फोन करावासा वाटायचा आणि करायचो नाही. तिच्या वडिलांना चहा पिता पिता जे सांगितलं होतं, ते परत घेता येत नव्हतं.

ती दुसऱ्यांदा ठाण्याला गेली त्या दिवशी मी वर्ग घेतला, पण काय शिकवलं ते आठवत नाही. वर्ग संपता संपता फोन आला. तेजलचा नाही, तिच्या वडिलांचा.

"सर, झालं तिचं," ते म्हणाले. "सरळ गेली म्हणे."

मी खुर्ची ओढून बसलो. सुनीताने माझ्या हातातून फोन घेतला आणि पुढचं तीच बोलली.

या गोष्टीला आता काही महिने झाले. कात्रपचा वर्ग चालू आहे. यंदा दसऱ्याला हार फक्त स्पीकरला घातला. पण जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी नंतर येऊन भाऊच्या पायाशी एक झेंडू ठेवून गेलं. मी तो उचलला नाही. गावोगावच्या लग्नांत अजून कितीतरी लोक काही नसलेल्या ठिकाणी वळत असतील, त्यांना मी परत बोलावू शकत नाही. आणि हा एक खांब तरी दिसणारा होता. न दिसणारे किती शिकवले असतील, या विचाराने शिकवताना मध्येच थांबतो. मुलांना वाटतं, सर विसरले.

दर शनिवारी मी ठाण्याला जातो, जाणाऱ्यांच्या रांगेत. मागच्या शनिवारी जोड्या बदलता बदलता माझ्यासमोर तेजल आली. तिथल्या नियमाप्रमाणे तीही उलट्या बाजूने शिकत होती, म्हणजे नेत होती. तिने माझा हात धरला. मी हात सैल सोडला, अंदाज बांधला नाही. पहिलं पाऊल, दुसरं. तिची वाट अगदी मोकळी होती. तिसऱ्या पावलाला माझा पाय आत वळला.

तेजल थांबली नाही. ताल धरूनच हळू आवाजात म्हणाली, "सर, तिथे काही नाहीये."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"मग चला," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा वाट मोकळी केली.